बदलापुरात महिन्याला किती माल येतो? १८८२ साली माहीत होतं, आज नाही

पोस्ट थोडी लांब झालीय. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तिन्ही शहरांचा विषय आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

गेल्या महिन्यात ओळखीतला एक मुलगा घरी आला. वडिलांचा एक टेम्पो होता, याने तीन केले. आता बदलापूर पूर्वेला लहानसं गोडाऊन भाड्याने घ्यायचं डोक्यात आहे. म्हणाला, "दादा, तुम्ही पत्रकार. मला एवढंच सांगा, बदलापुरात महिन्याला माल किती येतो, किती जातो आणि कुठून कुठे? गाडी रिकामी किती वेळा परत येईल त्याचा अंदाज आला, की मी भाड्याचं ठरवतो."

प्रश्न साधा होता. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. तीन कार्यालयांत फोन केले. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरीकडचे साहेब भले होते, हसून म्हणाले, "असा आकडा आमच्याकडे नसतो हो. कोणाकडेच नसतो."

रात्री सहज म्हणून ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर उघडलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड १३ आणि १४, साल १८८२, संपादक जेम्स कॅम्पबेल. त्यात बदलापूर आहे. मुंबईपासून किती मैल, वस्ती किती आणि पुढे स्टेशनवर प्रवासी किती, माल किती टन. एका स्टेशनाचं नाही, जिल्ह्यातल्या स्टेशनांचं असं लिहिलंय. तेव्हा बदलापूर म्हणजे भातशेतीचं खेडं. खेड्याचा माल टनात मोजलेला, छापलेला आणि कोणालाही वाचायला खुला. आज त्याच जागी लाखोंचं शहर आहे आणि आकडा "कोणाकडेच नसतो".

हे असं कसं झालं, ते शोधत गेलो. त्याची ही गोष्ट.

आपला भाग मुळात वाटेवरचा. बदलापूर नावाबद्दल सगळे तेच सांगतात, की इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर. खरं-खोटं देव जाणे, पण नाव लोकांना पटलं ते जागा तशी आहे म्हणूनच. मागे घाट, पुढे खाडी. त्याहून जुनं बोलायचं तर कल्याण. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, 'कॅलिएना' म्हणून कल्याण बंदर आहे. तिथे आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असंही त्यात लिहिलंय. म्हणजे माल कुठल्या बंदरात उतरावा यावरून राज्याराज्यांत तेव्हाही ओढाताण होती. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावापुढे गाव म्हणून कल्याण कोरलेलं आहे. व्यापाराचा पैसा असा डोंगरात जिरला.

या बंदरातून माल जुन्नरकडे चढायचा तो नाणेघाटाने. मुरबाडकडून ट्रेकला गेलेल्यांनी वरचा तो दगडी रांजण पाहिला असेल. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. बाजूच्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत. गायी किती, घोडे किती, कार्षापणं किती. मी तिथे दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा तेच मनात आलं. दानाचा हिशेब भिंतीवर कोरून ठेवला, पण ज्या घाटातून माल चढला त्या मालाचा हिशेब कुठेच नाही. रांजण तेवढा उरला.

मराठ्यांच्या काळात जकातीची पद्धत बरीच बांधीव झाली. त्यातले दोन शब्द फार कामाचे आहेत: थळभरीत आणि थळमोड. माल जिथे भरला तिथली जकात ती थळभरीत, माल जिथे विकून मोडला तिथली ती थळमोड. 'कुठून' आणि 'कुठे', मालवाहतुकीचे हे दोन मूळ प्रश्न आपल्या भाषेत शब्द म्हणून रुजलेले होते. कल्याणसारख्या सुभ्याच्या ठिकाणी मीठ, भात, लाकूड येत-जात असणार आणि कारकून मोडीत ते लिहून ठेवत असणार. पेशवे दप्तरात जकातीचे हिशेब आजही आहेत. पण ते हिशेब राज्याच्या खजिन्यासाठी होते. उद्या बैल कुठल्या वाटेने हाकावेत हे व्यापाऱ्याला कळावं म्हणून कोणी लिहिलेले नव्हते. पुढे इंग्रजांनी १८३० च्या दशकाच्या शेवटी मुंबई इलाख्यातली ही वाटेवरची जकात काढून टाकली. जकात गेली तशी ती नोंदही थांबली. ही गोष्ट पुढे पुन्हा घडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

मग आली रेल्वे. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, १८५४ ला कल्याण, आणि १८५६ ला कल्याणहून बदलापूर-नेरळ करत घाटाच्या पायथ्यापर्यंत. बोरघाट चढून गाडी पुण्याशी जोडली गेली ती १८६३ मध्ये. जीआयपी कंपनीचे भागधारक विलायतेत बसलेले आणि त्यांना ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिलेली. धंदा कमी पडला तर फरक सरकारी तिजोरीतून जाणार. त्यामुळे कुठल्या स्टेशनवर काय उतरलं, काय चढलं, याचा हिशेब कंपनीला ठेवावा लागे आणि सरकारला तो तपासावा लागे. कॅम्पबेलच्या गॅझेटिअरमध्ये बदलापूरचे टन आले ते या वाटेने. आपल्यावरच्या प्रेमापोटी कोणी मोजले नव्हते, पण मोजले आणि छापले. मोजलेलं छापलं की ते सगळ्यांचं होतं. कल्याणच्या व्यापाऱ्यालाही ते वाचता येत होतं.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी बसली, कल्याण कॅम्प. जागा का निवडली असेल ते नकाशा बघितला की कळतं. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे, एक नाशिककडे, एक पुण्याकडे, आणि मुंबई बंदर जवळ. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. मोकळ्या हाताने आलेल्या लोकांनी बराकीच्या पडवीत पापड लाटले, कपडे शिवले, साबण केले, पुढे जीन्स आणि फर्निचर. शेजारी अंबरनाथला आगपेट्यांची विमको, १९५० च्या दशकात ऑर्डनन्स आणि मशीन टूलचे सरकारी कारखाने, मग एमआयडीसी. बदलापूरलाही एमआयडीसी आली. भातागवताच्या पट्ट्यात आता केमिकल, यंत्रं, डेनिमचे तागे आणि सागवानी सोफे फिरायला लागले. आणि माल रेल्वेवरून रस्त्यावर आला. स्टेशनमास्तरच्या वहीत येणारा माल ट्रकवाल्याच्या बिल्टीत गेला, आणि बिल्टी ट्रकवाल्याच्या खिशात.

तरी एक जागा होती जिथे सगळे थांबायचे. जकात नाका.

मी बातमीदारी सुरू केली तेव्हा आमच्या भागातल्या एका महापालिकेच्या नाक्यावर बरेच तास काढलेत. जकातीबद्दल मला तसूभरही प्रेम नाही, हे आधीच सांगतो. दोन-दोन तास रांगा, डिझेलचा धूर, पावतीवर एक आणि गाडीत दुसरंच, टेबलाखालून काय चालायचं ते सगळ्या गावाला माहीत. पण त्या नाक्यावर एक अण्णा बसायचे, निवृत्तीला आलेले. ते पावती लिहायचे. गाडी नंबर, माल कुठून आला, काय आहे, किती नग, वजन, किंमत, जकात. अण्णा चहा पिता पिता सांगायचे, "अरे, दिवाळीला दीड महिना राहिला ना, की अहमदाबादकडचा कपडा दुप्पट होतो. प्लायवूड वाढलं की समज लग्नं तोंडावर आली. आणि या महिन्यात सिमेंट बघ, कुठेतरी मोठं काम निघालंय." शहराची नाडी अण्णांना त्या पावतीपुस्तकात लागायची. त्यांच्याकडे संगणक नव्हता, कार्बन होता.

पुढे त्या नाक्याच्या मागच्या खोलीत मी पावत्यांची पोती बघितली. वर्षानुवर्षांची, वाळवी लागलेली. ऑडिट झालं की त्यांचं काम संपलं. काही दिवसांनी गेलो तर खोली रिकामी. रद्दीवाल्याने किलोवर नेली होती. मी त्याची चार ओळींची बातमी केली, तीही छापली नाही. संपादक म्हणाले, "रद्दी विकली, यात बातमी काय?" तेव्हा मलाही उत्तर देता आलं नाही. ही पोस्ट त्याचं उशिराचं उत्तर समजा.

जकातीने दुसरंही एक काम केलं. भिवंडीजवळ पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामांचं जंगल उभं राहिलं त्यामागे मोठं कारण मुंबईची जकात. माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. म्हणजे एका कराने सगळ्या पट्ट्याचा भूगोल बदलला. शेतं गेली, कंटेनर आले, रस्ते मात्र बैलगाडीच्या रुंदीचेच राहिले. किती गाड्या येणार हे आधी कोणी मोजलंच नव्हतं.

मग कर एकेक करून गेले. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली. अंबरनाथ आणि बदलापूर १९९२ ला कल्याणपासून वेगळ्या नगरपालिका झाल्या होत्या, त्यांचे नाके सात वर्षांत संपले. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी आला. त्यात नाका नव्हता, व्यापाऱ्याने स्वतः हिशेब भरायचा. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या आतल्या उलाढालीचा एलबीटी माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही गेली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले ते बरोबरच होतं. पण थळमोड गेली तेव्हा जे झालं तेच पुन्हा झालं. कर गेला आणि त्याच्याबरोबर शहराचे डोळेही गेले. या शहरात आज काय आलं हे सांगू शकणारा शेवटचा माणूस अण्णा होता.

तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? माल तर येतोय.

२९ नोव्हेंबर २०१४ आठवा. शनिवारची पहाट. वालधुनीच्या काठावर उल्हासनगरात माणसं गुदमरून उठली. उलट्या, डोळ्यांची आग, पोरांना उचलून लोक रस्त्यावर धावत होते. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. टँकरमधून नदीत रसायन सोडल्याचं पुढे आलं. मी त्या सकाळी काठावर होतो, तो वास अजून नाकात आहे. एक बाई मला सारखं विचारत होती, "टँकर आला कुठून?" त्या प्रश्नाचं उत्तर देणारं कोणी काठावर नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो बघा. कारखान्यातून घातक कचरा निघाला की गाडीबरोबर मॅनिफेस्ट नावाचा फॉर्म असायलाच हवा. २०१६ च्या नियमांत त्याच्या सात रंगांच्या सात प्रती आहेत, त्यातल्या काही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. चोरून सोडणारा टँकर फॉर्म भरणार नाही, हे मान्य. पण कुठल्या वसाहतीतून किती कचरा निघायला हवा आणि तळोज्याच्या प्रकल्पात त्यातला किती पोचला, हे दोन आकडे शेजारी शेजारी दर महिन्याला छापले तर मधली तूट पाचवीतलं पोरगंही काढेल. चोर वजाबाकीत सापडतो. पण त्यासाठी दोन्ही आकडे लोकांसमोर हवेत.

किंवा रस्त्यांचं घ्या. काटई-बदलापूर रस्ता, कल्याण-बदलापूर रस्ता, शिळफाटा. रोजचं आपलं नशीब. त्यात वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा जेएनपीटीकडे जाणारा फाटा बदलापूरजवळून डोंगरात बोगदा काढून पनवेलकडे जातोय. तो पूर्ण सुरू झाल्यावर कुठला ट्रक आपल्या गावातून जायचा थांबेल आणि कुठला नव्याने येईल? गोदामं कुठल्या बाजूला सरकतील? नगरपालिकेचा विकास आराखडा हे कशावरून ठरवणार? जनगणना २०११ ची. तेव्हा उल्हासनगर ५ लाख ६ हजार, अंबरनाथ अडीच लाख, बदलापूर पावणेदोन लाख. माणसांचा आकडा इतका शिळा, आणि मालाचा तर आकडाच नाही.

आता या गोष्टीतला खरा पेच. आकडा नाही, असं नाहीच मुळी! तो आहे, आणि इतिहासात कधी नव्हता इतका बारीक आहे.

१ एप्रिल २०१८ पासून परराज्यातल्या मालाला आणि २५ मे २०१८ पासून महाराष्ट्रातल्या मालाला ई-वे बिल लागतं. त्यात माल कुठल्या पिनकोडवरून निघाला, कुठल्या पिनकोडला जाणार, काय माल, किंमत किती, अंतर किती, गाडी नंबर काय, सगळं असतं. थळभरीत आणि थळमोड पुन्हा आली, फक्त मोडीऐवजी संगणकात. उल्हासनगरचे पिनकोड ४२१००१ ते ४२१००५, म्हणजे कॅम्प एक ते पाच. बदलापूर ४२१५०३, अंबरनाथ पूर्व ४२१५०१. अण्णांची सगळी पावतीपुस्तकं, कॅम्पवार लावून, एका जागी तयार आहेत. पण आपल्यासमोर येतात ते राज्याचे एकूण आकडे. महाराष्ट्रात इतकी बिलं निघाली, एवढंच. कॅम्प चारमध्ये काय आलं ते नाही.

त्यातही भोकं आहेत, ती सांगायला हवीत. महाराष्ट्रात राज्यांतर्गत एक लाखाच्या आतल्या मालाला ई-वे बिल नाही. आणि सूत, कापड, तयार कपडे जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत न्यायचे असतील तरी नाही. लहान धंदेवाल्यांचा त्रास वाचला, चांगलंच झालं. पण उल्हासनगरची जीन्स म्हणजे दुसरं काय? कापणी एकीकडे, शिलाई दुसरीकडे, धुलाई तिसरीकडे, सगळं ५० किलोमीटरच्या आत. म्हणजे ज्या धंद्यावर हजारो घरं चालतात तोच सरकारी हिशेबात दिसत नाही. जो दिसत नाही त्याच्यासाठी ट्रक टर्मिनल होत नाही, सांडपाण्याची सोय होत नाही. त्याच्यावर फक्त कारवाई होते.

दिल्लीत यावर काम झालंय. १७ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं. त्यासोबत युलिप नावाची यंत्रणा आली, ज्यात गाड्यांची नोंदणी, फास्टॅग, रेल्वेची मालवाहतूक अशा वेगवेगळ्या खात्यांची माहिती एका ठिकाणी जोडली जाते आणि कंपन्यांना ती वापरता येते. राज्यानेही २०२४ मध्ये लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केलं, १० हजार एकरांपेक्षा जास्त जागेत लॉजिस्टिक्सच्या सोयी उभारायच्या म्हणून. छान आहे. पण मोठी कंपनी स्वतःचा संगणक त्या यंत्रणेला जोडेल. तीन टेम्पोवाला पोरगा काय जोडणार? नगरपालिकेचा नगररचनाकार काय जोडणार?

व्यापाऱ्याची गुपितं फुटतील, असा एक आक्षेप येतो. तो खोटा नाही. मी कुठल्या गिऱ्हाइकाला किती माल दिला हे शेजारच्या दुकानदाराला कळू नये. पण जीएसटी कायद्यातच माहिती मागवण्याची सोय आहे आणि ती छापताना त्यातून कोणी एक व्यापारी ओळखू येऊ नये हे बंधनही आहे. अमेरिकेत १९९३ पासून साधारण दर पाच वर्षांनी माल पाठवणाऱ्यांची पाहणी होते, कुठून कुठे, काय, किती टन हे छापलं जातं, कंपनीचं नाव कुठेच येत नाही. आपल्याकडे तर नवी पाहणीही नको. असलेल्याची फक्त बेरीज करायची आहे.

मागणी म्हणून एवढंच. दर महिन्याला, पिनकोडवार, मालाच्या प्रकारानुसार आवक-जावक किती, याचा एक तक्ता. कोणाचं नाव नको, गाडी नंबर नको. जिथे दोन-चारच व्यापारी आहेत तिथला आकडा मोठ्या गटात मिसळा. सोबत घातक कचऱ्याचे ते दोन आकडे. आणि जॉबवर्कच्या मालासाठी वर्षातून एकदा रस्त्यावर उभं राहून मोजणी, ती नगरपालिकांनी आणि व्यापारी संघटनांनी मिळून करावी. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं, की कोणी अर्ज करायच्या आधीच माहिती स्वतःहून जाहीर करा. तो कायदा २००५ चा आहे.

दोन हजार वर्षांत आपल्या वाटेवरचा माल राजाने मोजला, पेशव्याने मोजला, कंपनीने मोजला, पालिकेने मोजला, आता जीएसटी मोजतंय. प्रत्येकाने आपल्या वसुलीसाठी मोजला. ज्यांच्या दारावरून तो गेला त्यांना आकडा मिळाला तो फक्त एकदा, एका इंग्रज अधिकाऱ्याने पुस्तक छापलं म्हणून. आज छापायला कागदही लागत नाही.

त्या मुलाला मी शेवटी सांगितलं, "बाबा, आकडा मिळाला नाही. गोडाऊन घेण्याआधी आठ दिवस सकाळी सहा ते दहा नाक्यावर उभा राहा आणि गाड्या मोज." तो खरंच उभा राहिला. वहीत रेघा मारून आणल्या. चार-चार उभ्या आणि पाचवी आडवी, अण्णा मारायचे तशाच. त्याने गोडाऊन घेतलं नाही. सकाळी भरलेल्या गाड्या येतात, पण परत जाताना बऱ्याच रिकाम्याच जातात, असं त्याच्या वहीने सांगितलं. त्याचं भाडं आणि डिपॉझिट वाचलं. ज्यांच्याकडे वही नव्हती त्यांचं काय झालं असेल?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, दुकानात, माळ्यावर जुन्या जकात पावत्या, बिल्ट्या, ट्रान्सपोर्टच्या वह्या असतील तर टाकू नका. फोटो काढून मला पाठवा, नावं झाकून पाठवलीत तरी चालेल. रद्दीवाल्याच्या आधी कोणीतरी पोचलं पाहिजे.